मार्च महिन्यातला पाऊस

वाचकाचं पत्र :

"मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी बी.एड. कॉलेजात मी तीन वर्षं शिकवते. पहिल्या वर्षाला ५० विद्यार्थी आहेत. या सत्रात 'पियाजेचा बोधात्मक विकासाचा सिद्धांत सविस्तर स्पष्ट करा' हा, मुलांची समज कशी वाढते हे मांडणाऱ्या स्विस मानसशास्त्रज्ञाबद्दलचा, स्वाध्याय दिला होता. त्यातले ३८ स्वाध्याय तीन-चार ठशांचे निघाले. काही गाइडमधून, काही मागच्या बॅचच्या फायलींतून, काही चॅटजीपीटीवरून. मी ३८ही परत केले. विद्यार्थी म्हणतात, 'मॅडम, आम्हाला शिकवायचंय, लेखक व्हायचं नाही.' प्राचार्य म्हणतात, 'सबमिशनची तारीख जवळ आलीय, ताणू नका.' एका मुलीने तर स्वाध्यायाच्या शेवटी पेन्सिलीने लिहिलंय, 'मॅडम, खरं सांगायचं तर मला हे समजलंच नाही, म्हणून जसंच्या तसं लिहिलं.' यांचं मराठीच कच्चं आहे. एक परिच्छेद धड लिहिता येत नाही आणि उद्या हे शिक्षक होणार. मी कडक राहू की सोडून देऊ? – एक वैतागलेली मॅडम"

प्रिय वैतागलेल्या मॅडम,

आधी एक कबुली देते. मी बी.एड. केलं तेव्हा ते एका वर्षाचं होतं आणि सराव पाठांची टाचणं रात्री जेवणं झाल्यावर 'उतरवली' जायची. आम्ही 'लिहिली' असं म्हणतच नव्हतो. माझ्याकडे आदल्या वर्षीच्या एका ताईंचं जर्नल होतं. मोत्यासारखं अक्षर, समास आखलेले. त्यावरून मी भूगोलाचा पाठ उतरवला, आणि शेवटी अनुभवाच्या रकान्यात लिहिलं, 'पावसाची झड असल्याने उपस्थिती कमी होती, तरी विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.' पाठ मी मार्च महिन्यात घेतला होता. बाहेर ऊन असं की फळ्याकडे बघवत नव्हतं. जर्नल तपासून आलं. त्या पानावर लाल शाईत 'छान' असा शेरा, खाली सही.

ते वाक्य मी वाचलं नव्हतं, नुसतं लिहिलं होतं. सरांनीही वाचलं नव्हतं, नुसतं तपासलं होतं. आमच्या दोघांत एक न बोललेला करार होता : मी पानं भरायची, त्यांनी सह्या करायच्या. तुम्ही ३८ स्वाध्याय परत केलेत म्हणजे हा करार तुमच्या बाजूने मोडलात, आणि त्याबद्दल मला तुमचं कौतुकच आहे. पण परत करताना हातात दुसरं काय दिलंत, ते पत्रात नाही. 'स्वतःच्या भाषेत लिहा' एवढंच म्हणाला असाल, तर ते पोहता न येणाऱ्याला 'हात-पाय मार' म्हणण्यासारखं आहे. काठावरून सगळेच म्हणतात.

मला वाटतं, पहिली चूक प्रश्नातच आहे. 'सविस्तर स्पष्ट करा' हा गाइडचा प्रश्न आहे. गाइडचा प्रश्न विचारला की गाइडचंच उत्तर येणार, त्यात विद्यार्थ्याचा काय दोष? पियाजेचा सिद्धांत त्याच्यापेक्षा गाइडवाल्याने बरा मांडलाय हे त्याला कळतं. मग तो उगाच वाईट का मांडेल? शिवाय ही सवय आजची नाही. पाचवीपासून त्याने काय केलं? फळ्यावरची प्रश्नोत्तरं वहीत, वहीतली परीक्षेत. जो एक शब्द बदलेल त्याचा अर्धा गुण जायचा. दहा-अकरा वर्षं ज्या गोष्टीला बक्षीस मिळालं ती गोष्ट तो तुमच्याकडे येऊन आणखी सफाईने करतोय. तिला एकदम तुम्ही चोरी म्हणालात, तर तो गोंधळणारच.

'यांचं मराठीच कच्चं आहे' हे तुमचं वाक्य मात्र मी मान्य करणार नाही. कॉलेजच्या मागे चहाच्या टपरीवर हीच मुलं भरतीबद्दल, जागांबद्दल, गावच्या शाळेतल्या पटाबद्दल बोलतात तेव्हा ऐका. मुद्दा असतो, दाखला असतो, समोरच्याचं म्हणणं खोडणं असतं. कच्ची आहे ती एक विशिष्ट बोली, शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांची. ती कुणाच्याच घरी बोलत नाहीत. पिअर बोर्द्यू हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ आपल्या सहकाऱ्यांबरोबर म्हणून गेलाय की विद्यापीठीय भाषा ही कुणाचीच मातृभाषा नसते, सुशिक्षितांच्या मुलांचीसुद्धा नाही. आपल्याकडे तर त्या भाषेचा बराचसा भाग इंग्रजीवरून घाईघाईत उभा केलेला. तुमच्या-माझ्यासकट प्रत्येकाला ती शिकावीच लागते. आपण कधी शिकलो ते आपण विसरतो, इतकंच.

ती शिकवायची कशी, तर उघडून दाखवायची. गाइडात असतं तसं एक वाक्य घेते : 'अध्ययनार्थ्याच्या पूर्वस्थित बोधात्मक संरचनेत नवीन अनुभवाचे सात्मीकरण न झाल्यास समायोजनाच्या प्रक्रियेद्वारे संरचनेत परिवर्तन घडून संतुलन प्रस्थापित होते.' हे वाक्य फळ्यावर लिहा आणि अख्खा तास त्याच्यावर घालवा. मी घालवलाय. 'संरचना' म्हणजे काय, तर बाळाच्या डोक्यातला कप्पा. दीड वर्षाच्या बाळाने कुत्रा पाहिला, आईने सांगितलं 'भूभू'. दुसऱ्या दिवशी शेळी दिसली, बाळ म्हणालं 'भूभू'. नवीन गोष्ट जुन्या कप्प्यात टाकली, हे सात्मीकरण. शेळी 'में' करते, आई हसते, 'अगं, ती शेळी.' आता जुन्या कप्प्यात भागत नाही, नवा करावा लागतो, हे समायोजन. एवढं झालं की वर्गात कुणीतरी हमखास बोलतं. माझ्या वर्गातली एक विद्यार्थिनी, दोन लेकरांची आई, म्हणाली, "मॅडम, माझी धाकटी प्रत्येक दाढीवाल्याला आजोबा म्हणते." मी म्हटलं, "हे लिहा." ती म्हणाली, "हे? स्वाध्यायात?" तिच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य होतं ना, त्याच्यातच आपला सगळा आजार आहे. स्वाध्यायात स्वतःला दिसलेलं काही लिहायचं असतं हे तिला पदवी घेऊनही कुणी सांगितलं नव्हतं.

आता याचा अर्थ संज्ञा टाळा, सोपं-सोपं लिहा, असा अजिबात नाही. आजोबांची गोष्ट सांगून झाल्यावर 'सात्मीकरण' हा शब्द परत आलाच पाहिजे, कारण तो त्या सगळ्या गोष्टींचं एका शब्दातलं नाव आहे. आधी उघडायचा, आतलं बघायचं, मग वापरायचा. वहीच्या मागच्या पानांवर प्रत्येकाला स्वतःचा छोटा परिभाषा कोश करायला लावा : संज्ञा, तिचा आपल्या भाषेतला अर्थ, आणि आपण पाहिलेलं एक उदाहरण. भाषा संचालनालयाचा शिक्षणशास्त्र परिभाषा कोश आहे, मराठी विश्वकोश आता मोबाइलवर उघडतो. पण तिसरा रकाना कुठल्याच कोशात मिळत नाही, तो विद्यार्थ्यालाच भरावा लागतो.

लेखनाची सुरुवातही तिथूनच करा, सिद्धांतापासून नको. २०१४च्या एनसीटीईच्या, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं केलं आणि शाळेत घालवायचे २० आठवडे दिले. म्हणजे तुमच्या प्रत्येक विद्यार्थ्याकडे असा माल आहे जो कुठल्याच गाइडात नाही. आपण तोही वाया घालवतो. छात्रसेवाकालाची, म्हणजे शाळेत घालवलेल्या या आठवड्यांची, कुठलीही वही उघडा : 'आज इयत्ता सहावीवर अपूर्णांकांची बेरीज हा घटक घेतला. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. पाठ यशस्वी झाला.' माझा मार्चमधला पाऊसच हा.

अशी वही घेऊन एक विद्यार्थी माझ्यासमोर बसला होता. मी विचारलं, "उत्स्फूर्त म्हणजे? पहिलं कोण बोललं?" तो आठवू लागला. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा. एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश किती, असं विचारलं तर म्हणाला दोन सप्तमांश. "मग तुम्ही काय केलंत?" "चूक म्हणलो आणि दुसऱ्याला विचारलं." मी म्हटलं, "हे आत्ता जसं सांगितलंत तसंच लिहा, तुमच्या बोलीत." त्याने लिहिलं : 'पोरगं म्हणलं दोन सप्तमांश. म्या चूक म्हणलो. पर त्यानं असं का केलं ते इचारलंच न्हाई.'

त्या तिसऱ्या वाक्याने मी खुर्चीत सरळ बसले. वर्षभरात त्याने लिहिलेलं पहिलं विचार केलेलं वाक्य होतं ते. मग आम्ही त्याला प्रमाण मराठीत नेलं : 'एका विद्यार्थ्याने १/३ + १/४ या बेरजेचे उत्तर २/७ असे दिले. त्याने अंशांची आणि छेदांची वेगवेगळी बेरीज केली असावी. मी त्याला कारण विचारले नाही.' यातल्या 'असावी'वर आम्ही दहा मिनिटं थांबलो. 'केली' का नाही? कारण विचारलंच नाही, मग खात्रीने कसं म्हणणार? मराठीत 'असावी', 'दिसते', 'असे म्हणता येईल' हे जे आहे ना, ते भित्रेपणाचं लक्षण नाही. आपल्याला जेवढं ठाऊक तेवढंच म्हणायचं, ही शिस्त त्या एका क्रियापदात आहे. गाइडात हे क्रियापद औषधालाही सापडत नाही. तिथे सगळं 'सिद्ध होते' आणि 'सर्वांगीण विकास होतो'. कृतिसंशोधनांचं, म्हणजे आपल्याच वर्गातल्या अडचणीवर उपक्रम करून लिहायच्या अहवालांचं, तर बोलायलाच नको. इतक्या वर्षांत माझ्या टेबलावर फसलेलं कृतिसंशोधन एकही आलं नाही. सगळ्यांचे उपक्रम यशस्वी, सगळ्यांचे विद्यार्थी सुधारलेले!

पुढच्या आठवड्यात तोच विद्यार्थी शाळेत जाऊन त्या मुलाशी बोलून आला. भाकरीचा तिसरा हिस्सा खाल्ला, वर आणखी चौथा हिस्सा खाल्ला, तर मिळून दोन सप्तमांश, म्हणजे पहिल्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी, असं कसं, हे त्याने त्या मुलाला भाकरीचं चित्र काढून विचारलं. मुलगा गप्प झाला आणि मग हसला. आता माझा विद्यार्थी ग्रंथालयात जाऊन विचारत होता, "मॅडम, मुलं अशी का चुकतात यावर कुणी लिहिलंय का?" संदर्भग्रंथ शोधायला मी त्याला सांगितलं नव्हतं. त्याला गरज पडली म्हणून तो गेला. पूर्णांकांचे नियम मूल अपूर्णांकांना लावतं हे त्याला पुस्तकात सापडलं, आणि पियाजेचा कप्पा तिथे पुन्हा भेटला. तुमच्या स्वाध्यायाचा प्रश्न असा असू शकला असता : 'तुमच्या सराव शाळेतल्या एका मुलाची एक चूक जशीच्या तशी नोंदवा. पियाजेच्या सिद्धांतातून तिचा उलगडा कुठवर होतो आणि कुठे होत नाही, ते दोन पानांत लिहा.' हा प्रश्न गाइडवाल्याला द्या, बसू दे त्याला डोकं खाजवत.

संदर्भांवरून आठवलं. स्वाध्यायाच्या शेवटी जी चौदा-पंधरा पुस्तकांची यादी असते ती बंद करा. दोन पुस्तकं पुरेत, पण पान क्रमांकासह, आणि आपल्या ग्रंथालयातल्या प्रतीचा दाखल क्रमांकही लिहायला सांगा. कपाटापर्यंत गेल्याशिवाय तो आकडा मिळत नाही. दुसरं, 'पियाजे म्हणतो' असं लिहू देऊ नका. पियाजे आपल्यातल्या कुणी वाचलाय? अमुक पुस्तकात पियाजेबद्दल असं दिलंय, एवढंच आपण प्रामाणिकपणे म्हणू शकतो. सुरुवातीला मुलांना यात कमीपणा वाटतो. दोन-तीनदा केल्यावर हळूच कुणीतरी विचारतं, "मग त्या पुस्तकवाल्याने तरी वाचलाय का?" तिथे पाठ थोपटा.

वाचनाचं थोडं. २०१४च्या अभ्यासक्रमात 'वाचन आणि चिंतन' असा स्वतंत्र भाग आला तेव्हा मला आनंद झाला होता. त्याची काय गत झाली तुम्ही जाणताच : दोन पुस्तकांची परीक्षणं, तीही उतरवलेली, फायलीला रंगीत कव्हर. तो तास तुम्ही ताब्यात घ्या. आणि वाचायला काय घ्यावं म्हणाल, तर मी महात्मा फुल्यांचं, ब्रिटिश सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढचं, १८८२चं निवेदन घेत असे. 'फुल्यांचे शैक्षणिक विचार' यावर मुलं झोपेतही आठ मुद्दे लिहितात. मूळ निवेदन शंभरात एकाने पाहिलेलं नसतं. मूळ इंग्रजीत आहे, मराठी भाषांतर मिळतं, पानं थोडी आहेत.

पहिल्या दिवशी फक्त सुरुवात वाचा. फुले आरंभीच सांगतात की शिक्षणाबाबतचा आपला अनुभव मुख्यतः पुणे आणि आसपासच्या खेड्यांपुरता आहे. बघा, हा माणूस सरकारी आयोगापुढे उभा आहे, मुलींची शाळा काढून तीन दशकं उलटलीत, आणि पहिल्यांदा काय करतो, तर आपल्या बोलण्याची हद्द आखून देतो. मग पुढचं सगळं त्या हद्दीत उभं राहून ठणकावून सांगतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी विचारायचे, "तुमचा अनुभव कुठल्या गावापुरता आहे ते तुम्ही लिहिलंत का?" कुणीही लिहिलेलं नसायचं. सगळे एकदम 'भारतीय शिक्षणव्यवस्थेत' या शब्दांनी सुरू करायचे.

दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न : लेखक कुणाशी भांडतोय? वरच्या वर्गांना शिकवलं की शिक्षण आपोआप खाली झिरपेल, या सरकारी समजुतीशी. त्याचं हत्यार काय? पैसा. महसुलाचा मोठा वाटा रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो तो वरच्यांच्या शिक्षणावर. मागणी काय? निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. आणि शिक्षक कसे असावेत? प्रशिक्षित, आणि गरज पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायला न लाजणारे. पगार बारा रुपयांपेक्षा कमी नको. या ठिकाणी शेतकऱ्यांच्या घरातून आलेली तुमची मुलं जागी होतात, कारण १८८२मध्ये कुणीतरी त्यांच्याबद्दल बोललंय. मग तीन रंगांच्या पेन्सिली वाटा. पाहिलेलं एका रंगाने, त्यावरून काढलेलं अनुमान दुसऱ्याने, 'असं करा' ही मागणी तिसऱ्याने. तीन तास जातात या कामाला. जाऊ द्या. त्यानंतर स्वतःच्या स्वाध्यायावर हेच तीन रंग फिरवायला सांगा. बहुतेकांचं पान तिसऱ्या रंगाने भरलेलं निघतं, 'केले पाहिजे, झाले पाहिजे, असावे'. पहिल्या रंगाची एक रेघसुद्धा नसते. त्यांचं त्यांनाच हसू येतं.

'आम्हाला लेखक व्हायचं नाही' याला उत्तर द्यायला हवं, कारण त्यात तथ्य आहे. टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा पर्यायी प्रश्नांची, भरतीची अभियोग्यता चाचणीही पर्यायी प्रश्नांची. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर कुणी परिच्छेद मागत नाही. नोकरीच्या वाटेवर लेखन कुठे आडवंच येत नाही, तर त्यांनी जीव का काढावा? त्यांना उपदेश करू नका. एखाद्या प्राथमिक शिक्षकाकडून वर्णनात्मक नोंदींची ती पीडीएफ मागवा. २०१०मध्ये आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकाने निरीक्षण करून चार ओळी लिहायच्या ठरल्या. कल्पना किती चांगली! पुढे तयार नोंदींच्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरू लागल्या, विषयवार, इयत्तावार. 'उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो.' 'प्रश्नांची अचूक उत्तरे देतो.' ती यादी वर्गात मोठ्याने वाचा, आणि मग सांगा : हे तुमच्या मुलीच्या प्रगतिपुस्तकात लिहून आलंय, आता सांगा तिच्या बाईंनी तिला पाहिलंय का? ज्या विद्यार्थिनीची धाकटी दाढीवाल्यांना आजोबा म्हणते ना, ती त्या दिवशी बराच वेळ काही बोलली नाही.

आता ५० जणांचं गणित. सगळ्यांचं सगळं वाचाल तर दिवाळीपर्यंत अंथरूण धराल. आठवड्याला दहाच जणांचा एकेक परिच्छेद वाचा, पण खरोखर वाचा आणि समासात प्रश्न लिहा. पाच आठवड्यांत सगळ्यांची पाळी होते, सत्रात तीनदा. बाकीच्यांनी जोडीदाराचं वाचायचं आणि एवढंच सांगायचं, 'हे वाक्य दुसऱ्या कुणालाही लिहिता आलं असतं.' अशा वाक्याखाली रेघ. आणि कृपा करून लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ धरणं काही दिवस थांबवा. शुद्धलेखन महत्त्वाचं आहे, शिक्षकाला तर आहेच, पण ते शेवटच्या हाताचं काम. भिंत उभी राहायच्या आधी रंगारी बोलावत नाहीत. पहिला महिना फक्त एवढं पाहा की कोण, कुठे, काय म्हणालं हे पानावर आहे का. मग 'कशावरून' आहे का. मग वेलांट्या.

एक गोष्ट तुम्ही स्वतः करायची : वर्गासमोर लिहायचं. तयार करून आणलेलं नाही, तिथेच, फळ्यावर. एक वाक्य लिहा, वाचा, 'हं, हे जमलं नाही' म्हणून पुसा, पुन्हा लिहा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा हात थरथरत होता. प्राध्यापकाचं वाक्य पहिल्या फटक्यात उतरत नाही, हे त्या मुलांनी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नसतं. त्यांना वाटतं, ज्यांना येतं त्यांना एकदमच येतं, आणि आपल्याला एकदम येत नाही म्हणजे आपल्याला येत नाही.

चॅटजीपीटीवर बंदी घालून फार काही होणार नाही. पहिला खर्डा वर्गात, हाताने, पंधरा मिनिटांत लिहून घ्या आणि अंतिम स्वाध्यायाला तो टाचायला सांगा. आणि एकदा त्या यंत्राचंच उत्तर सगळ्यांना वाटून ते तपासायला लावा. त्याने दिलेल्या पुस्तकांची नावं ग्रंथालयात शोधायला पाठवा. यातली काही पुस्तकं कधीकधी जगात अस्तित्वातच नसतात. ती शोधून हात हलवत परत आलेला विद्यार्थी पुढच्या वेळी त्याच्यावर एवढा विसंबत नाही. तिसऱ्या बाकावरच्या मुलाने काय उत्तर दिलं, हे तर त्या यंत्राला ठाऊकच नाही.

प्राचार्यांशी भांडू नका. फाइल राहू द्या, रंगीत कव्हरही राहू द्या, बाहेरचे परीक्षक येणार असतात. फक्त प्रत्येक फायलीत मुलाच्या चुकीवरची ती दोन पानं असतील असं पाहा. फारच ताणलं गेलं तर त्यांना यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८चे वाङ्मयचौर्यविषयक नियम दाखवा. सगळे त्यातली टक्केवारी आणि शिक्षा तेवढ्या वाचतात. विद्यार्थ्यांना श्रेय कसं द्यायचं ते शिकवा, दर सत्रात त्यासाठी कार्यक्रम घ्या, असंही संस्थांना त्यातच सांगितलंय. प्राचार्यांना अहवालासाठी काहीतरी लागतंच. तुमचा हा वाचन-लेखनाचा तास त्यात बसवून टाका, दोघांचंही काम होईल.

आणि तारीख जवळ आलीय म्हणता, तर ते ३८ स्वाध्याय पुन्हा लिहून मागू नका. प्रत्येकाला स्वतःच्याच स्वाध्यायातलं न कळलेलं एक वाक्य निवडू द्या आणि त्यावर अर्धं पान लिहू द्या : यातलं काय कळलं, कुठे अडलं, कुणाला विचारलं. तेवढं जोडा आणि घ्या जमा करून.

पेन्सिलीने लिहिणाऱ्या त्या मुलीने हे काम आधीच सुरू केलंय. 'मला हे समजलंच नाही, म्हणून जसंच्या तसं लिहिलं.' तिला काय माहीत नाही ते तिने नेमकं सांगितलंय, आपण काय केलं आणि का केलं तेही. ५० जणांत एवढं कुणीच लिहिलं नाही. तिच्या ओळीखाली तुम्ही काय शेरा दिलात ते पत्रात नाही. दिला नसेल, तर सोमवारी तिला बोलवा, शेजारी बसवा आणि विचारा, नेमकं कुठल्या ओळीपासून समजेनासं झालं.

तुमची,
एक निवृत्त मॅडम

ता. क. : ते भूगोलाचं जर्नल अजून माझ्या कपाटात आहे. दरवर्षी पहिल्या तासाला मी ते वर्गात फिरवायचे. पाऊस कुठल्या पानावर पडलाय ते शोधायला मुलांना पाच मिनिटं लागायची.